उतरलेले साठ किलो

३ फेब्रुवारी, सोमवार

नवी वही, नवं गाव आणि नवी नोकरी, तिन्ही एकदम मिळाल्यामुळे मी आज जाम खूश आहे. नोकरी कुठे, तर वजनकाट्यावर! जिनं जन्मभर काट्यावर पाय ठेवायला टाळाटाळ केली, तिनं आता दिवसभर बसून दुसऱ्यांची वजनं करायची. ताईला हे सांगितलं तेव्हा ती डायलिसिसच्या खुर्चीत इतकी हसली, की नर्सनं येऊन आम्हा दोघींना दटावलं.

ताईच्या घरापासून काटा चालत वीस मिनिटांवर आहे. जमिनीच्या पातळीत बसवलेला लांबलचक लोखंडी फलाट, त्याला लागून काचेची केबिन. केबिनमध्ये टेबल, लाल आकडे दाखवणारा डबा, चिठ्ठी छापायचं यंत्र आणि कुरकुरणारा पंखा. ट्रक फलाटावर चढतो, मी बटण दाबते, चिठ्ठी निघते, ट्रक उतरतो. गाडी एकदा रिकामी, एकदा भरलेली. मधला फरक म्हणजे माल. नेहमीचा माणूस दीड महिना रजेवर आहे आणि मला तेवढेच दिवस हवे होते, कारण वीस मार्चला ऑपरेशन आहे.

माझी एक किडनी ताईला द्यायची आहे. घरात फक्त माझीच जुळली. पण जुळली तेव्हा मी एकशे अडतीस किलोंची होते आणि डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, की एवढ्या वजनाच्या माणसाला त्या टेबलावर घेणार नाहीत. मग मी साठ किलो उतरवले. त्याला अडीच वर्षं लागली. चालले, मोजून खाल्लं, अधूनमधून बाथरूमचं दार लावून रडले. तेवढे दिवस ताई आठवड्यातून तीनदा सुया टोचून घेत माझी वाट बघत बसली. आज मी अठ्ठ्याहत्तर आहे. बाकी सगळ्या तपासण्या जानेवारीतच झाल्या. आता फक्त हे वजन टिकवायचं: ऐंशीच्या वर नको आणि पंच्याहत्तरच्या खाली नको. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खरी परीक्षा आता आहे, कारण उतरवताना माणूस सावध असतो. मी म्हटलं, मी झोपेतही सावध असते.

६ फेब्रुवारी, गुरुवार. ७८.

रुळले. सकाळी दोन अंडी, दुपारी वाटीभर भात, डाळ, काकडी. सगळं छोट्या काट्यावर मोजून. भाची म्हणते, मावशी डब्यातल्या काकडीचीही चिठ्ठी छापेल.

ड्रायव्हर मंडळी गमतीची आहेत. भंगार नेणारे एक म्हातारे आहेत, सगळे त्यांना भंगारवाले काका म्हणतात. मला भात मोजताना बघून त्यांनी चौकशी केली, तेव्हा मी फुशारकीनं सांगून टाकलं, साठ किलो उतरलंय म्हणून. ते चिठ्ठी हातात घेऊन उभेच राहिले.

“उतरलं? कुठं उतरलं?” त्यांनी विचारलं. “एवढं मोठं माणूस उतरलं, आणि तुम्ही मागं वळून बघितलं पण नाही?”

मी खूप हसले. घरी सांगितलं तर भाऊजीही हसले. ताई मात्र म्हणाली, तिला कधीकधी आधीच्या ढब्बूची आठवण येते. लहानपणापासून ती मला ढब्बू म्हणते. गुबगुबीत मांडीवर डोकं ठेवून झोपायची तिला सवय होती, आताची मांडी टोचते म्हणाली. मला उगाच वाईट वाटलं.

१० फेब्रुवारी, सोमवार. ७८.

दुपारी गाड्या नव्हत्या. फलाट रिकामा आणि डब्यावर साठ. शून्याचं बटण दाबलं तर शून्य आलं, चहा संपेपर्यंत परत साठ. बाहेर जाऊन बघितलं. फलाटावर एक वाळकं पानसुद्धा नव्हतं. मालकांना फोन केला. ते म्हणाले, खाली माती अडकली असेल, मेकॅनिकला पाठवतो.

साठ हा आकडा बघून मला माझेच साठ किलो आठवले, हे इथे कबूल करते. पण डबा वीसवीसच्या टप्प्यानंच आकडा दाखवतो. चाळीस, साठ, ऐंशी, यातलं काहीतरी येणारच.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. ७८.

मेकॅनिक आला. पोटापर्यंत फलाटाखाली शिरला, सगळं पुसून काढलं, म्हणाला काटा एकदम चोख आहे. त्यानं मला एक नवी गोष्ट शिकवली. फलाटाच्या चार कोपऱ्यांखाली वजन घेणारे चार ठोकळे असतात. एक बटण दाबून धरलं की चारही कोपऱ्यांचे आकडे वेगवेगळे दिसतात, तेही एकेका किलोपर्यंत. कुठल्या बाजूला भार जास्त आहे ते कळतं.

तो गेल्यावर मी बटण दाबून धरलं. तीन कोपऱ्यांवर शून्य. रस्त्याकडच्या टोकाच्या कोपऱ्यावर साठ.

१७ फेब्रुवारी, सोमवार. ७९.

काल भाचीचा वाढदिवस होता. केकचा एक तुकडा खाल्ला, मग आग्रहाचा दुसरा. सकाळी घरच्या काट्यावर एकोणऐंशी. तीनदा उतरून परत चढून बघितलं. एका किलोनं काही होत नाही हे मला पाठ आहे, तरी बघितलं.

फलाटावर आज ते वजन कोपऱ्यात नव्हतं. टोकाचे दोन आकडे कमी होत गेले आणि केबिनकडचे दोन वाढत गेले, अगदी सावकाश. एखादं जड माणूस दमत दमत चालत यावं तसं. मला ती चाल माहीत आहे. चार पावलं, मग थांबायचं, मग चार पावलं. गुडघे दुखायचे म्हणून मी तशीच चालायचे.

भात बंद. मी ढिली पडले की ते जवळ येतं, एवढं मला समजलं. वजन उतरतं तसं ते चढतंही. पाठीवर चढू द्यायचं नाही. एक महिना राहिलाय.

२४ फेब्रुवारी, सोमवार. ७५.

डाळही अर्धी केली. ताईला आज डायलिसिसनंतर चक्कर आली. जिन्यावर मी तिला धरलं, तर ती म्हणाली की माझे हात काटक्या झालेत, आता पुरे कर. मी हो म्हटलं. तिचा चेहरा इतका पिवळा पडलाय, की मी तिच्याकडे फार वेळ बघू शकत नाही.

ते केबिनकडच्या कोपऱ्यात उभं आहे. काचेच्या पलीकडे, दोन हातांवर. त्रेसष्ट. वाढलं कसं?

३ मार्च, सोमवार. ७२.

आज ही वही मागे चाळली. रोजचे आकडे शेजारी शेजारी मांडले. अठ्ठ्याहत्तर तेव्हा साठ. पंच्याहत्तर तेव्हा त्रेसष्ट. आज बहात्तर आणि फलाटावर सहासष्ट. केकच्या दुसऱ्या दिवशीचे कोपरेही लिहून ठेवले होते चिठ्ठीच्या पाठीवर: एकोणसाठ.

बेरीज दर वेळी एकशे अडतीस.

म्हणजे मी मूर्खासारखी त्याला पोसत होते. जो घास मी सोडला तो त्याच्याकडे गेला. आजपासून खायचं. पोटभर खायचं. डॉक्टरीणबाईंनी पंच्याहत्तर सांगितलंय, अजून सतरा दिवस आहेत, तीन किलो सहज येतील. साठ किलो उतरवणाऱ्या बाईला तीन चढवता येणार नाहीत?

६ मार्च, गुरुवार. ७१.

खातेय. भात, अंडी, लोणी लावून पाव. काहीच लागत नाही अंगी. आज दुसऱ्यांदा भात वाढून घेतला तेव्हा भाची चकित झाली. म्हणाली, मावशी, दुपारी पण तू दोनदा घेतलास ना?

दुपारी मी काट्यावर होते. सकाळी आठपासून तिथेच होते.

मी भाचीला विचारलं, कोण होतं दुपारी घरी. ती हसली. मी तिची थट्टा करतेय असं तिला वाटलं. मग म्हणाली, तू जेवून खुर्चीत डुलकी काढलीस, मग गेलीस.

फलाट दुपारभर शून्य दाखवत होता. आज त्या शून्याची मला जास्त भीती वाटली.

१० मार्च, सोमवार. ६९.

भंगारवाले काका आले. चिठ्ठी घेताना काचेतून आत बघून म्हणाले, “आज दोघी? बहीण आली वाटतं. अगदी सारख्या दिसता हो.”

मी शेजारी बघितलं नाही. दुसरी खुर्ची आहे तिथे, तिच्यावर मी पिशवी ठेवते. पिशवी खाली पडली होती. काका गेल्यावर बराच वेळ मी समोरच्या भिंतीकडे बघत बसले. खुर्ची करकरली.

एकोणसत्तर दुणे एकशे अडतीस.

१२ मार्च, बुधवार. ६७.

भाऊजींना सगळं सांगायचं ठरवलं. सकाळी चहाच्या टेबलावर सुरुवातही केली. ते वर्तमानपत्रातून मान वर न करता उठले, कप धुतला आणि गेले. रागावलेत असं वाटलं. मग लक्षात आलं, त्यांनी दोनच कप भरले होते, त्यांचा आणि टेबलाच्या पलीकडचा. पलीकडचाही रिकामा झालेला.

काट्यावर ड्रायव्हर माझ्या डावीकडे बघून बोलतात. चिठ्ठी डावीकडून घेतात.

१४ मार्च, शुक्रवार. ६४.

ताईला हॉस्पिटलमध्ये दाखल केलं. मी गेले. ती जागी होती, भाचीशी बोलत होती. मावशी काल घरी दिवसभर उशाशी बसली होती, असं सांगत होती. जरा अंगानं भरलीय, बरं वाटलं बघून, मांडीवर डोकं ठेवलं तर पहिल्यासारखी झोप लागली.

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. ताई म्हणून दोनदा हाक मारली. तिनं पायावरचं पांघरूण ओढून घेतलं, गार वारा आल्यासारखं.

मी खूप रडले, तिथेच, सगळ्यांच्या मधे. कुणाला अडचण झाली नाही.

१७ मार्च, सोमवार. ६१.

केबिनला आतून कडी. खुर्चीत ती. माझा निळा स्वेटर. पाठमोरी. केस मी बांधते तसेच. चिठ्ठ्या फाडून देतेय, ड्रायव्हर हसतायत —

मी फलाटावर उभी राहून काच बडवली. तिनं डब्याकडे बघितलं फक्त. कोपऱ्यांचं बटण दाबून धरलं. मग मान वळवून बरोबर माझ्या कोपऱ्याकडे —

चेहरा माझाच आहे. अडीच वर्षं मला आरशात हाच हवा होता.

१८ मार्च, मंगळवार. ६०.

शेवटची वजनतपासणी, दहाची वेळ. साडेनऊला पोचले. नोंदणीच्या बाईंसमोर उभी राहिले, माझं नाव सांगितलं, मोठ्यानं सांगितलं. त्या फाईलमध्ये लिहीत होत्या. उलट्या बाजूनं वाचलं: दाता हजर. वजन अठ्ठ्याहत्तर. उत्तम टिकवलं आहे.

म्हणजे आता ती मी. आणि मी — ते.

एका बाकावर बसून विचार केला. होऊ दे. नाव तिचं होऊ दे, खुर्ची तिची, मांडीही तिची. ताई वाचली की झालं. तेवढ्यासाठीच तर सगळं केलं. खरंच तसं वाटलं, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा श्वास नीट आला.

२० मार्च, गुरुवार

सकाळी आठ. ऑपरेशनच्या दारापाशी. दोन स्ट्रेचर शेजारी शेजारी. ताईनं हात लांब करून तिचा हात धरला.

“ढब्बू, भिऊ नकोस गं,” ताई म्हणाली. “मी आहे ना.”

तिनं ताईचा हात दाबला. बोटं रुतली. नुसती मऊ, आत हाड नसल्यासारखी —

आणि मला कळलं.

मी काय उतरवलं होतं? चरबी. साठ किलो नुसती चरबी. मग उपाशी राहून आणखी अठरा किलो मांस दिलं. काळीज दिलं नाही. किडनी दिली नाही. ती कशी उतरेल? तिच्या आत काही नाही. तपासण्या जानेवारीत झाल्या, त्या माझ्या. परवा फक्त वजन बघितलं त्यांनी, फक्त वजन —

ताईलाही भूल देतायत. दोघींना एकदम उघडणार —

दार ढकललं. हलत नाही. डॉक्टरीणबाईंचा हात धरला, त्यांनी बाही सारखी केली. ओरडले. कुणी वळलं नाही —

ही वही नोंदणीच्या टेबलावर ठेवते. कुणीतरी वाचा. अक्षर फिकट येतंय, पेन दाबलं जात नाही, तरी वाचा. थांबवा त्यांना. तिला कापू नका, तिथे काही मिळणार नाही. ताईला उघडू नका. दोन्ही किडन्या माझ्याकडे आहेत. मी गेलेली नाही. मी इथेच आहे, दाराच्या डाव्या हाताला, बाकावर, हात लावून बघा, मी इ