हाणणारा की थांबणारा

अण्णा, रविवारी सकाळी इथं सिंगापुरात ईस्ट कोस्टला समुद्राकडे तोंड करून बसले असताना मी तुमची बाजू घेऊन भांडले, आणि बेडोकला परत येऊन घराचं कुलूप उघडेपर्यंत मला ते कळलंच नाही. हे सांगायला दुसरं कोणी सुचेना. ज्यांना सांगावं ते घाबरतील, आणि घाबरायला सध्या मी एकटी पुरेशी आहे.

भांडण तेच, आपलं जुनं. बेसबॉलमधला आजवरचा सगळ्यांत मोठा फलंदाज कोण? सोलापुरात हा प्रश्न पडलेलं घर बहुधा आपलं एकच. तुम्ही पेपरात क्रीडापान सांभाळायचात. टेलिप्रिंटरवर अमेरिकेतल्या सामन्यांच्या बातम्या यायच्या, त्या कोणालाच छापायच्या नसायच्या, म्हणून ते कागद तुम्ही घडी घालून खिशातून घरी आणायचात. बेसबॉलचा एकही सामना तुम्ही डोळ्यांनी पाहिला नव्हता. मीही नाही. तरी स्वयंपाकघरात तुम्ही आईचं लाटणं खांद्यामागे धरून उभे आहात आणि मी पाटावर बसून तुमच्याशी हुज्जत घालते आहे. "चेंडू गोल, बॅटही गोल. गोलाला गोल भेटवायचं म्हणजे थट्टा नाही," तुम्ही सांगताय. आई म्हणतेय, "ते लाटणं आधी खाली ठेवा. पोळ्या काय तुमचा अमेरिकेतला येऊन लाटणार आहे?"

नावं आपण घेत नव्हतो. तुमचा तो थांबणारा, माझा तो हाणणारा. माझा चेंडू मैदानाबाहेर भिरकावून होम रन मारायचा आणि पोट हलवत निवांत धावायचा. तुमचा ऐन उमेदीची वर्षं युद्धावर घालवून आलेला, आणि वाईट चेंडूला हात लावायचा नाही म्हणजे नाही. "हाणायचं नाही हे ठरवायला डोळा लागतो," तुम्ही म्हणायचात. मी म्हणायचे, "वाट बघून कुठं मैदान भरतं? लोक चेंडू हरवलेला बघायला येतात." एकदा तुमच्या आकड्यांपुढे नमून मी "बरं, तुमचाच मोठा" म्हटलं, तर तुम्ही चिडलात. म्हणालात, बाजू घेतलीस ना, मग पान छपाईला जाईपर्यंत सोडायची नाही. पुढे मीही क्रीडापानावरच आले, पुण्यात आणि मग इथं, आणि वेळेत मजकूर देण्यापलीकडे तुमची ती एकच शिस्त पाळली.

म्हणून ती दिवाळी विसरता येत नाही. मी लेकीला घेऊन सिंगापूरहून आले होते. तुम्ही निवृत्त झालेले होतात. लाटणं हातात न घेता, भिंतीला टेकून तुम्ही म्हणालात, "वाट बघून कुठं मैदान भरतं? लोक चेंडू हरवलेला बघायला येतात." शब्द न् शब्द माझा. मी टाळ्या पिटल्या. "आई, अण्णा हरले!" आई हसली नाही. ती हातातली पळी तशीच धरून तुमच्याकडे बघत राहिली. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही दुपारी डबा घेऊन कचेरीत गेलात आणि तुमच्या खुर्चीवर बसलेल्या पोराला विचारलंत, "आज पान कोण लावतंय?" त्यानं पाणी दिलं, रिक्षा करून घरी पोचवलं. नंतरचं तुम्हाला ठाऊक नाही. मला सगळं आठवतं, निदान अजून तरी.

हे मी लेकीला ती मोठी होत असताना किती वेळा सांगितलं असेल. आजोबांनी बाजू बदलली आणि तिथून त्यांचं विसरणं सुरू झालं, असंच सांगायचे. तिनं लहानपणापासून तुमचा थांबणारा घेतला होता, कारण आईशी भांडायला तोच मोकळा होता. आता ती सेंगकांगला राहते, रविवारी येते, आणि आम्ही फोनवर तिकडचा सामना लावून बसतो. इथं सकाळ, तिकडं शनिवारची रात्र. परवाच्या रविवारी एका फलंदाजानं ओळीनं चेंडू सोडले आणि मी म्हणाले, "बघ, सोडलेल्या चेंडूला टाळ्या नसतात. पण हाणायचं नाही हे ठरवायला डोळा लागतो."

ती कॉफी ढवळत होती. हात थांबला.

"आई, सिरियसली?"

"सिरियसली म्हणजे? चुकलं काय त्यात?"

तिनं कॉफी बाजूला ठेवली. मग इथल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणाली, "बट वेटिंग इज सो बोरिंग, लाह. लोक होम रन बघायला येतात."

"हेच! तुमच्या पिढीला धीरच नाही."

"धीर घेऊन काय करू? तिकीट काढून माणसाला उभं राहिलेलं बघू? तसं तर बस स्टॉपवर फुकट दिसतं."

मी हसले, आणखी जोरात भांडले. ती नेहमीपेक्षा कच्ची भांडत होती, मुद्दे शोधत होती. शेवटी "ओके, यू विन" म्हणाली आणि बस स्टॉपपर्यंत माझा हात धरून चालली. तिनं हात धरल्याला वर्षं झाली असतील. माझ्याच बसमध्ये चढली, तेव्हा मी म्हटलं, "अगं, तुला सेंगकांगला जायचंय ना?" तर म्हणे बेडोकच्या मार्केटमध्ये काहीतरी घ्यायचंय. लिफ्टपर्यंत आली. घेतलं काहीच नाही.

कुलपात किल्ली फिरवताना कळलं, अण्णा. मी तुमच्या जागी उभी होते, आणि माझी जागा रिकामी दिसू नये म्हणून ती तिथं जाऊन उभी राहिली होती. त्या दिवाळीला मी टाळ्या पिटल्या होत्या. तिनं आई हरली म्हणून ओरडून सांगितलं नाही. चपला न काढता दाराशीच बसले.

तेव्हापासून मी स्वतःवर पाळत ठेवून आहे. गॅस बंद केला का ते बघते, आणि बघितलं का तेही बघते. मागच्या आठवड्यात एक लेख वेळेआधी पाठवला, तर पेपरातल्या मुलीचं उत्तर आलं, "मॅडम, दोनदा आलाय. इतकी घाई?" तेव्हा मी हसण्यावारी नेलं होतं. आता तो लेख दुसऱ्यांदा पाठवल्याचं आठवायचा प्रयत्न करते आणि तिथं नुसतं पांढरं दिसतं. गुरुवारी पॉलिक्लिनिकची, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्याची, अपॉइंटमेंट आहे. आठवण तपासायला आजची तारीख विचारतील, घड्याळाचं चित्र काढायला लावतील. मी तयारी करते आहे, आणि तयारी करणं हीच लबाडी आहे हेही कळतंय.

डॉक्टर विचारणार नाहीत असा एक प्रश्न मात्र मला छळतो. मी माझी बाजू विसरले, की इतक्या वर्षांनी मला तुमची पटली? बोलताना ती जराही परकी वाटली नाही. ती माझीच वाटली, हेच तर भीतीचं. आणि तुम्ही? त्या दिवाळीला तुम्ही विसरला होतात, की मनापासून माझ्याशी सहमत झाला होतात? तेव्हा विचारलं असतं तर तुम्ही सांगू शकला असतात. कदाचित.

लेकीचा आत्ता मेसेज आला. रविवारी ईस्ट कोस्ट, तोच विषय, सुरुवात तू कर. मी कळवलं, या वेळी तू. तिचं उत्तर आलं, नो नो, आई फर्स्ट. त्यावर मी अजून काही लिहिलेलं नाही. ती आधी बोलली तर तिची बाजू ऐकून मला माझी ठरवता येईल, म्हणून थांबले आहे. हे तुमच्या त्या फलंदाजाचं थांबणं नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण अण्णा, आज पहिल्यांदा वाटलं, तोही कधीतरी नुसता घाबरून थांबला असेल का?