तुळजाबाईंचा डबा आणि पुण्याची कीड

जालना,
मार्गशीर्ष संपता संपता

तीर्थस्वरूप नंदावहिनींच्या चरणी उषाचा नमस्कार पोचावा. इकडे मी ठीक आहे, म्हणजे स्वतःच्या हातचं जेवून माणूस जितपत ठीक राहू शकतं तितपत. दादांचा गुडघा कसा आहे? (तो मालिशवाला बंद करा. मागच्या खेपेला त्याने दादांचा चांगला गुडघासुद्धा दुखवून ठेवला होता.) वसंताचं बाळ आता बसायला लागलं असेल. त्याच्या बारशाचे फोटो तुम्ही दिवाळीच्या फराळात, चिवड्याच्या पुडीशेजारी, पेन ड्राइव्हमध्ये घालून पाठवलेत, त्याबद्दल आभार मानायचे राहूनच गेले. ते मानावेत की नाही, हे पत्र पूर्ण वाचून तुम्हीच ठरवा.

वहिनी, सध्या कॉलनीत माझ्याशी कुणी धड बोलत नाही. सारा जन्म पोस्टाच्या खिडकीत काढला, निम्म्या जालन्याची पत्रं, मनिऑर्डरी आणि राख्या माझ्या हातून गेल्या, एकही राखी चुकीच्या भावाला पोचली नाही; आणि आता म्हातारपणी माझ्यावर आरोप काय, तर मी घरोघरी रोग पोचवला.

शेजारच्या तुळजाबाई तुम्हाला आठवत असतील. (ज्यांचे धपाटे खाऊन दादा त्यांच्या ओट्यावरून उठेनात, त्याच.) त्यांच्याकडून मला सारखा स्टीलचा डबा येतो, आणि आलेला डबा रिकामा परत करायचा नाही ही इथली रीत. मला स्वयंपाक किती येतो ते तुम्ही लग्न होऊन घरात आल्यापासून सगळ्यांना सांगत आला आहात, तेव्हा मी पुन्हा सांगत नाही. कॉन्व्हेंटात सिस्टर आग्नेसने आम्हाला काट्याने वाटाणा कसा खायचा ते शिकवलं. वाटाण्याची उसळ कशी होते हे सांगायच्या आत मॅट्रिकची परीक्षा आली. त्यामुळे मी डब्यात आपली मूठभर साखर घालून देत असे. दिवाळीनंतर धपाट्यांचा डबा आला आणि नेमकी साखर संपलेली. तुळजाबाईंना बाळाचे फोटो बघायचेच होते, त्यांच्या मुलाने एमआयडीसीतल्या बोनसमधून कॉम्प्युटर घेतला होता, म्हणून मी पेन ड्राइव्ह डब्यात ठेवला आणि डबा धाडला. साखरेपेक्षा बरं, असं मला त्या वेळी वाटलं होतं.

आता तुळजाबाई तरी तो रिकामा कशा परत करतील? त्यांनी त्यात जांब समर्थच्या सहलीचे फोटो घातले. (सत्तर फोटो, त्यातले साठ जेवतानाचे.) मग समोरच्या गोपिकाबाईंनी तो नेला आणि आपल्या भजनी मंडळाचे अभंग भरून दिले. कुणी नातीचा नाच घातला. एका बाईकडे घालण्यासारखं काहीच नव्हतं, तर तिने पापडाच्या मशीनचे फोटो घातले, पण रिकामा दिला नाही. पेन ड्राइव्ह कॉलनीभर हिंडला आणि ज्याच्या पोटात बारशाचे फोटो गेले होते तो वर्षश्राद्धाची चलचित्रं सुद्धा घेऊन आला. आणि वहिनी, त्यात एक कीडही होती. ती तर रीतीला आमच्याहून पक्की. प्रत्येक घरी उतरली की कॉम्प्युटरमध्ये आपली पिल्लं ठेवायची, आणि त्या घरात दुसरा पेन ड्राइव्ह लागला की त्याच्यातही जाऊन बसायची. तीही कुणाला रिकामं पाठवत नव्हती.

महिन्याभरात सगळ्यांकडे एकच दुखणं. बाळाचे फोटो गायब. त्यांचं फोल्डर उघडावं तर आत त्याच नावाचं फोल्डर, ते उघडावं तर कॉम्प्युटर बंद. गोपिकाबाईंचा कॉम्प्युटर अभंगाचं पहिलं कडवं संपलं की मान टाकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. (त्यांच्या मंडळाचं पहिलं कडवं आता फार सुरेख बसलं आहे.) शेवटी कॉम्प्युटरच्या दुकानातल्या भुजंगला बोलावलं. त्याने बघून सांगितलं, "मावशी, ह्याच्यात कीड शिरली." तुळजाबाई म्हणाल्या, "मंग ऊन दाखवा की. तुरीला दाखवतो तसं." आणि खरोखर पेन ड्राइव्ह दिवसभर गच्चीवर तुरीच्या डाळीशेजारी पडून होता, वर कडुलिंबाचा पाला. मी त्यावर जे बोलले ते बोलायला नको होतं, असं आता सगळे म्हणतात.

भुजंगचं डोकंही त्याच वाणाचं. स्वतःच्या एकाच पेन ड्राइव्हवर औषध घेऊन तो घरोघरी फिरला, म्हणजे एकच सुई सगळ्या गल्लीला टोचली. परिणाम असा की निवृत्त तहसीलदार तातेराव, ज्यांनी उभ्या जन्मात कुणाचा डबा घेतला नाही, त्यांच्याकडेही कीड पोचली. ते चिडले, आणि हे आलं कुठून याची चौकशी गोपिकाबाईंच्या ओट्यावर बसली. भुजंग म्हणाला, "मी बराबर तपासून पाह्यलं. समद्यात आधी उषामावशीच्या घरून गेल्तं." तुळजाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मी तुम्हाला धपाटे दिल्ते, बाई. तुम्ही मला हे दिलं."

पेन ड्राइव्ह पुण्याहून माझ्या भावजयीकडून आला, तिचा मुलगा वसंता कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे, एवढं मी बोलले असते तर तिथेच सुटले असते. मी बोलले नाही. माहेरची अब्रू मी ओट्यावर मांडत नाही. (अजून तरी.)

तेव्हापासून डबा बंद. त्याहून वाईट म्हणजे हुरडा. तुळजाबाईंच्या दिराचं जाफराबादजवळ शेत आहे; दर वर्षी पौषात कॉलनीतल्या आम्ही सगळ्याजणी जीप करून जातो, आगटीतला गरम हुरडा, तिळाची चटणी, वर वांग्याचं भरीत. मी अख्खं वर्ष त्या एका दिवसावर काढते. यंदा गोपिकाबाई म्हणाल्या, "जीप भरली, बाई. जागाच न्हाई बिलकुल." मागच्या वर्षी त्याच जीपमध्ये आम्ही सगळ्या बसून शिवाय हार्मोनियम बसली होती.

असो. तुम्हाला कशाला त्रास, सहज कळवलं. दादांना नमस्कार, बाळाला पापा.

आपली नणंद,
उषा

ता. क. तुळजाबाईंचा एक डबा अजून माझ्याकडेच आहे. तो रिकामा परत करता येत नाही, आणि झाल्या प्रकारानंतर साखरेवर भागणार नाही. दिवाळीतले तुमचे अनारसे त्यांना फार आवडले होते. हुरडा येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी आहे. डबा काठोकाठ भरेल एवढे पाठवा. स्पीड पोस्टाने, कुरिअरवाले डबे आपटतात.

ता. क. दुसरा. खोक्यावर किंवा आत कुठेही तुमचं नाव नको. दिवाळीतले अनारसे मी केले असं मी तुळजाबाईंना कधीच सांगितलेलं नाही. त्यांनीच तसं धरून कौतुक सुरू केलं, आणि समोरचं माणूस बोलत असताना मध्ये तोडू नये ही सिस्टर आग्नेसची सक्त शिकवण.

ता. क. तिसरा. तुमचा पेन ड्राइव्ह पत्रासोबत परत पाठवते आहे. आता साफ आहे असं भुजंग म्हणाला. (हे तो प्रत्येक घरी म्हणाला होता.) जांब समर्थची सहल, पहिलं कडवं आणि पापडाची मशीन आत आहे. तुमची वस्तू तुम्हाला रिकामी कशी पाठवणार?