धारातीर्थी पडलेला

वारजे, पुणे
९ फेब्रुवारी २०२५

चि. ललिता हिस,

सप्रेम जयभीम. आम्ही ठीक आहोत. तुझ्या वहिनीचे गुडघे तसेच. नागपूरला लेकीकडे रुळली असशील. दीक्षाला आणि जावईबापूंना माझे आशीर्वाद सांग. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितो आहे.

आपल्या कोपऱ्यावरच्या चौकाला अभयचं नाव दिलं. माजी नगरसेवक आप्पासाहेब पाटीचा नमुना घेऊनच घरी आले होते. ‘धारातीर्थी पडलेले वीर जवान अभय दशरथ ओव्हाळ.’

मी म्हटलं, “हा शब्द काढा.”

“सर, शहीद तर सगळेच लिहितात. तुम्ही मराठीचे शिक्षक, म्हणून मुद्दाम हा शोधला.”

धारा म्हणजे तलवारीची धार. जुन्या काळी लढाई हातघाईवर यायची, माणूस माणसाच्या अंगाशी भिडायचा. अशा वेळी शत्रूच्या पात्याखाली जो मरे, त्याला तीर्थात न्हाल्याचं पुण्य मिळालं असं मानत. पुढे तोफा-बंदुका आल्या, धार गेली, शब्द मागे राहिला. सुरुंगावर पाय पडून गेलेल्यालाही वर्तमानपत्रं तोच लावतात. आपण तीर्थ मानत नाही, तरी वर्गात हा शब्द सांगताना माझा आवाज चढायचा.

आप्पासाहेबांना म्हटलं, “तो लढाईत गेला नाही. सुट्टीवर होता. माझ्याबरोबर दूध आणायला गेला होता.”

“पण धारेनेच गेला ना, सर?”

मी नमुना त्यांच्या हाती परत दिला. पाटी लागली. तुझी वहिनी आता भाजीला मागच्या गल्लीने जाते.

ललिता, त्या संध्याकाळचं तू कधी विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. भूषण कोयता घेऊन गल्लीतल्या त्या संपतच्या मागे धावत आला. काय भांडण होतं ते मला आजही नीट कळलेलं नाही. संपत एका बंद शटरपाशी अडकला, तसा अभय मध्ये जाऊन उभा राहिला. म्हणाला, “भूषण, ठेव ते खाली. घरी चल, आत्या जेवायची थांबली असेल.”

समोरून संगीन आली तर काय करायचं, हे त्याला फौजेत शिकवलं होतं. मागच्या सुट्टीत आमच्या गच्चीवर लाकडी काठी घेऊन त्याने भूषणलाच ते करून दाखवलं होतं. दोघं किती हसत होते. त्या संध्याकाळी त्यातलं त्याने काहीच केलं नाही. हात पुढे केला तो उघडा, कोयता मागून घ्यायला. लहानपणापासून अंगाखांद्यावर खेळवलेला भाऊ थांबेल, याची त्याला खात्री होती. मलाही होती. म्हणून मी जागचा हललो नाही.

त्या जागी तीर्थ नव्हतं, ललिता. दुधाच्या पिशव्या फुटल्या होत्या.

मागच्या तारखेला भूषण कोर्टाच्या व्हरांड्यात दिसला. पार वाळला आहे. पोलिसाने हात धरलेला असताना माझ्या पाया पडायला वाकला. “मामा, मला दादा दिसलाच नाही,” म्हणाला. मी पाय मागे घेतले. त्यानंतर मला धड झोप नाही.

शेवटच्या फोनवर तू म्हणालीस, “दादा, अंधार होता, नीट दिसलं नाही, एवढंच म्हण. तुझा गेला, माझा तरी राहू दे.” तेव्हा मी गप्प राहिलो. तू ते होकार समजली असशील.

येत्या बुधवारी माझी साक्ष आहे. अंधार नव्हता. रस्त्यावरचे दिवे लागलेले होते. मी तेच सांगणार आहे. सांगून अभयचं काही होणार नाही, भूषण जाईल, तूही जाशील, हे मला कळतं. तरी दुसरं काही तोंडातून निघणार नाही.

कोर्टातून तुला कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे लिहिलं. उत्तर लिहू नकोस.

अभयचा बाप, भूषणचा मामा,
दशरथ