खिंड बंद होती

वाऊ, न्यू गिनी
९ ऑगस्ट १९३२

मिस्टर प्रिंगल,

'वैमानिकाची चूक' असं तुम्ही चौकशीत लिहून दिलंत. माझा भाऊ क्लॅरी तुमचं मालवाहू विमान घेऊन ढगात शिरला आणि डोंगरावर आदळला. बाकी तुम्हाला काही आठवत नाही म्हणे!

मला आठवतं. रोज सकाळी डोंगरातली खिंड ढगांनी बंद आहे की उघडी, ते बघून बिनतारी यंत्रावर तुम्हाला कळवायचं, मगच तुमच्या किनाऱ्यावरच्या तळावरून विमान उडायचं, हे माझं काम. त्या दिवशी मी म्हटलं, "खिंड बंद आहे."

तुम्ही हसलात. "एडिथबाई, तुम्हाला चहाच्या वाफेतही ढग दिसतो! खाणीचा पंप इथे पडून आहे. पुन्हा बघा."

मला भित्री म्हणू नये, एवढ्यासाठी मी म्हणाले, "तासाभरात उघडेल कदाचित." खरं तर ढग तसूभरही हलला नव्हता.

तुमच्या मेकॅनिकनेच मला सांगितलं, तुम्ही लगेच क्लॅरीला म्हणालात, "जा, तुझी ताई म्हणते, उघडली." माझ्या शब्दावर तो कधीच शंका घेत नसे. हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं.

माझं खोटं मी लपवणार नाही. पण ते त्याच्या माथी मारू देणार नाही.

इथलं टपाल तुमच्याच विमानातून जातं; चौकशीआधी हे तुमच्या हाती पडू नये, म्हणून हे पत्र धाडत नाही. बिनतारी निरोपांची नोंदवही घेऊन उद्या किनाऱ्याकडे चालत निघतेय. आठ दिवसांची वाट आहे. चौकशी अधिकाऱ्यांपुढे दोन्ही वाक्यं मीच सांगेन, आधी माझं, मग तुमचं.

क्लॅरीची ताई,
एडिथ मॅकार्डल