दोष आढळले नाहीत

१ मार्च, शनिवार
धाकट्या बहिणीकडे मुक्कामाला आलो. घरमालकाने घर विकलं, त्याला इलाज नाही. धाकटीला सांगितलं, फक्त दोन आठवडे. खरं तर एकच पुरेल. दुसरा आठवडा आलेल्या ऑफर्समधून निवड करायला.

भाचीची खोली मला दिली आहे. ती हॉलमध्ये सोफ्यावर. बारा वर्षांच्या मुलीला एवढ्या खोलीचं काय करायचं असतं कोण जाणे.

भाड्याचं घर याच उपनगरात हवं. ऑफिस चालत बारा मिनिटं. पूर्वी इथे गोदामं होती आणि कुणी फिरकत नव्हतं. आता गोदामांत कॉफी मिळते आणि सगळं शहर इथेच राहायला धावतंय. मला त्याची चिंता नाही. एकोणीस वर्षं विमा कंपनीत नुकसानीचा सर्व्हेअर आहे. घर कसं बघायचं हे मला शिकवणारा अजून जन्मायचाय.

८ मार्च, शनिवार
पहिलं घर. पाहण्याची वेळ अकरा ते अकरा वीस. रांगेत सव्वीस जण, लग्नाला आल्यासारखे कपडे करून. एका जोडप्याने एकसारखे शर्ट घातले होते. त्यांचं नाव जुळे ठेवलं. एजंट दारात उभा राहून प्रत्येकाला हसत होता. त्याचं नाव हसरा.

लोक काय बघतात, तर खिडकी. जुळ्यांपैकी ती म्हणाली, ऊन किती छान येतं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की ही पश्चिम आहे, उन्हाळ्यात इथे तवा होईल. नंतर बाथरूमची भिंत ठोकली, ओल मोजायचं यंत्र लावलं, आकडा मोठ्याने वाचला. चार जण तिथूनच परत गेले. स्पर्धा अशी कमी करायची असते.

मालक अर्ज वाचून भाडेकरू निवडतो. अर्जात 'स्वतःबद्दल थोडं' असा रकाना. बाकीचे तिथे आपल्याला झाडं आवडतात वगैरे लिहितात. मी घरातल्या दोषांचा रिपोर्ट जोडला. अकरा पानं, चौतीस फोटो, शेवटी सही आणि लायसन्स नंबर. मालकाला कळायला हवं की आपल्यापुढे कोण उभं आहे.

११ मार्च
नकार. हसऱ्याचा मेल. अनेक उत्तम अर्ज आले, निवड अवघड होती, इत्यादी. पण खाली लिहिलंय: रिपोर्ट अत्यंत उपयुक्त, मालकांनी खास आभार मानलेत. सव्वीस जणांत आभार दुसऱ्या कुणाचे मानले असतील असं वाटत नाही. सुरुवात चांगली.

१३ मार्च
भाचीने दार वाजवून विचारलं, मामा, कंपास घेऊ का. दहा मिनिटांनी, मामा, वही. मग, मामा, दुसरी वही. शेवटी तिला वेळापत्रक करून दिलं: सकाळी सात ते सव्वासात आणि संध्याकाळी सहा ते साडेसहा खोलीत प्रवेश. धाकटी ते वेळापत्रक बराच वेळ वाचत उभी राहिली. म्हणाली, दादा, फॉन्ट छान निवडलायस. घरात शिस्तीची कदर आहे.

१५ मार्च, शनिवार
दोन आठवडे आज संपले. कुणी काही बोललं नाही. मीही विषय काढला नाही, उगाच त्यांना अवघडल्यासारखं नको.

हसऱ्याचा सकाळी फोन. आज दोन घरं आहेत, तुम्ही साडेदहालाच या, इतरांच्या आधी, निवांत बघा. म्हणजे माणूस ओळखला. शिडीसुद्धा त्यानेच आणून ठेवली होती.

मेहुणे हट्टाने सोबत आले. टेप धरायला बरे. पण दुसऱ्या घरात मालकाची आई कुंड्यांना पाणी घालत होती, तर मेहुणे म्हणाले, काकू, घर किती प्रसन्न ठेवलंय तुम्ही. म्हातारी खूश. ही असली खुशामत. मी काकूंना सांगितलं की बाल्कनीच्या स्लॅबमध्ये ओल उतरली आहे ती याच कुंड्यांमुळे, आणि पाणी घालतानाचा त्यांचा फोटो काढला. रिपोर्टच्या कव्हरवर तोच टाकतो.

परत येताना मेहुणे म्हणाले, दादा, थोडं गोड बोलून बघायला काय हरकत आहे. मेहुणे विक्रीखात्यात आहेत. त्यांचा दोष नाही.

१९ मार्च
दोन्हीकडून नकार. दोन्हीकडून आभार.

ऑफिसला जाताना पहिल्या घरावरून गेलो. बाथरूमच्या जुन्या फरश्या बाहेर ढिगाने पडल्या होत्या. माझ्या रिपोर्टचं पान चार. सांडपाण्याचा पाइप नवा. पान सहा. खिडक्यांना ऊन अडवणारी फिल्म. पान नऊ. गवंड्याच्या हातात कागद होता आणि तो वाचून वाचून काम करत होता. फोटो ओळखीचे वाटले.

गॅलरीत जुळे. पडदे लावत होते. मला बघून दोघांनी हात हलवला. तो ओरडून म्हणाला, काका, तुम्ही त्या दिवशी सांगितलंत ते बरं झालं, मालकांनी सगळं करून दिलं.

काका. त्याचेही केस पिकलेत.

विचार केला तर या उपनगरातल्या घरांचा दर्जा सध्या मी एकटा वर आणतोय.

२२ मार्च, शनिवार
सकाळी पाणी प्यायला उठलो तर स्वयंपाकघरात बोलणं चाललं होतं. मेहुणे म्हणत होते, त्यांना घर मिळेल गं, पण घराला ते सोसायला हवेत. धाकटी हसली नाही. म्हणाली, परीक्षा आठ दिवसांवर आलीये, पोरगी मांडीवर वही घेऊन अभ्यास करतेय, आणि मी माझ्या भावाला काय सांगू, जा म्हणून? मेहुणे म्हणाले, मी सांगतो. ती म्हणाली, खबरदार.

पाणी न पिता परत आलो. पाणी रात्रीचं होतं, तसंही.

दुपारी भाचीला नवा अर्ज दिला, फोटोंचा क्रम लावायला. कॉम्प्युटरवर तिचा हात बरा आहे. तिने सगळा वाचला. कुणी सांगितलं होतं वाचायला. म्हणाली, मामा, यात तुला घर हवंय असं कुठेच लिहिलेलं नाही.

मी म्हटलं, अर्ज केला म्हणजे हवंच असतं. ती म्हणाली, नाही, हे वाचून वाटतं की तू त्यांना ओरडतोयस. मग फोटो सरळ करत, माझ्याकडे न बघता म्हणाली, मला माझी खोली हवीये. असं लिहायचं असतं. एका ओळीत होतं.

चौदा पानांचा रिपोर्ट होता.

संध्याकाळी सामान हॉलमध्ये हलवलं. सोफा कडक आहे, पाठीला तेच योग्य. वेळापत्रक काढून टाकलं, आता त्याची गरज नाही. भाचीने दार लावून घेतलं आणि आतून बराच वेळ टेबल सरकवल्याचा आवाज येत होता.

२५ मार्च, मंगळवार
हसऱ्याने ऑफिस सुटल्यावर एकट्याला एक घर दाखवलं. दुसरा मजला, कोपऱ्यावरचं, दोन खोल्या. भिंत ठोकली, भरीव. ओलीचं यंत्र तीन ठिकाणी लावलं, काही नाही. सेल बदलून पुन्हा लावलं. नळ, वायरिंग, दारांचे काटकोन, सगळं तपासलं. स्वयंपाकघराला लागून एक लहान खोली आहे, तिथे टेबल मावेल. शनिवारी भाची अभ्यासाला आली तर तिलाही पुरेल.

शिडीवर जरा बसून राहिलो. हसऱ्याने विचारलं, बरं वाटत नाहीये का.

घरी येऊन अर्ज लिहिला. रिपोर्ट जोडला नाही. 'स्वतःबद्दल थोडं' या रकान्यात लिहिलं: मला हे घर हवं आहे. चाळीस मिनिटं लागली.

२६ मार्च
हसऱ्याचं उत्तर. अर्ज पोचला, मनापासून लिहिलाय. मात्र सोबत रिपोर्ट दिसला नाही. मालक त्याचीच वाट बघत आहेत, तो पाहूनच निर्णय घेतील.

ठीक आहे. माझ्या कामावाचून त्यांचं अडतंय.

२७ मार्च
रिपोर्ट दिला. एकच पान. एकोणीस वर्षांत असा रिपोर्ट लिहिलेला नाही. दोष आढळले नाहीत. भिंती कोरड्या, प्रकाश दिवसभर, शेजार शांत, राहण्यास सर्वतोपरी उत्तम. खाली सही, लायसन्स नंबर. मेहुण्यांनी वाचला, म्हणाले, दादा, हा वाचून मलाच तिथे राहावंसं वाटतंय. धाकटीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. लहानपणानंतर बहुधा पहिल्यांदा.

हसरा म्हणाला, मालक एकदम खूश. शनिवारी घर सगळ्यांना दाखवावं लागेल, पण ती नुसती पद्धत.

२९ मार्च, शनिवार
साडेदहाला पोचलो. या वेळी आधी बोलावलं नव्हतं, पण सवय.

रांग जिन्यातून खाली, फाटकातून बाहेर, कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत. प्रत्येकाच्या हातात एक कागद. हसऱ्याने झेरॉक्स काढून वाटला होता. काल मेलनेही सगळ्यांना पाठवला म्हणे. वर ठळक अक्षरांत: अधिकृत सर्व्हेअरचं प्रमाणपत्र. माझी सही जरा तिरकी आली आहे.

माझा नंबर एकतीस. पुढे एक बाई, मुलीचा हात धरून. वळून म्हणाल्या, अहो, घर खरंच इतकं चांगलं आहे का हो, की हे उगाच आपलं पैसे देऊन लिहून घेतलेलं असतं?

ओल आहे, असं सांगता आलं असतं. रांग जरा हलली असती.

म्हटलं, नाही, खरंच चांगलं आहे.

त्यांनी मुलीला पुढे ओढून घेतलं आणि तिचे केस नीट केले.