पहिल्या गिअरमधली बाई

३ मार्च, मंगळवार

चौकात हिने गाडी पुन्हा बंद पाडली. हिरवा दिवा लागून गेला, मागच्यांनी भोंगे वाजवून आमच्या खानदानाचा उद्धार केला, आणि ही आपली पहिल्या गिअरमध्ये. मी म्हटलं, "दुसरा टाका." म्हणाली, "सॉरी मॅडम." म्हटलं, "सॉरी नको, दुसरा टाका." तर गाडीच बंद!

हात टेकले. इतकी वर्षं ड्रायव्हिंग शिकवतेय — डावं-उजवं न कळणारे प्राध्यापक शिकवले, आरशात बघून नुसता भांग पाडणारी पोरं शिकवली. सगळी तयार झाली. ही होत नाही. थंडीत आली होती, ती अजून तिथेच. मी मनात तिचं नावच ठेवलंय — पहिला गिअर.

त्यात तो फोन. तासाभरात तिच्या नवऱ्याचे किती येतात ते मोजणं सोडून दिलंय. घेतला नाही की लगेच दुसरा. तोही व्हिडिओवर. आज म्हणाला, "जरा फोन फिरव, शेजारी कोण आहे बघू." शेजारी मी. दुसरं कोण असणार? मी हात हलवला. तो हसला. अगदी गोड.

५ मार्च, गुरुवार

आली नाही. कळवलंही नाही. भर उन्हात त्यांच्या फाटकाशी गाडी लावून बसले. वरच्या खिडकीत तिची सासू — हातात फोन, नजर रस्त्यावर. कधीही जा, म्हातारी तिथेच. मुलाला खबर द्यायला नेमलेली असावी. मी खालून विचारलं, "सूनबाई येतायत का?" तिने पडदा ओढून घेतला.

१० मार्च, मंगळवार

आज नवरा स्वतः खाली सोडायला आला. विमा कंपनीत अधिकारी. आवाज इतका मऊ, की पुढे वाकून ऐकावं लागतं. डोळ्यांच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी त्याला गाडी चालवायला बंदी केलीय. तेव्हा बायकोने शिकायचं आणि त्याला ऑफिसला ने-आण करायची, असा सगळा बेत. तोवर ऑफिसची गाडी सोडते.

मला थंड पाण्याची बाटली दिली. म्हणाला, "मॅडम, तुमच्या सहनशक्तीची कमाल आहे. ही जरा मंद आहे. घरीही सगळं दहादा सांगावं लागतं." ती शेजारीच उभी, चपलेच्या पट्ट्याकडे बघत.

मला राग यायला हवा होता त्याचा. आला तिचा. अगं, तोंडातून काहीतरी काढ ना!

एक मात्र खटकलं. गाडी बंद पडायच्या आधी ती सॉरी म्हणते. आधी सॉरी, मग इंजिन बंद. हे असं कसं?

१२ मार्च, गुरुवार

अक्षर वाकडं येतंय.

उताराच्या रस्त्यावर होतो. वैतागून मीच हात पुढे करून तिसरा गिअर टाकलेला. समोरून मालट्रक वळला आणि त्याच्याआडून एक मोटारसायकलवाला घसरत थेट आमच्या पुढ्यात. माझ्या बाजूलाही ब्रेक असतो. माझा पाय तिथे पोचायच्या आत हिने — आमच्या पहिल्या गिअरने — आरशात बघितलं, गिअर खाली आणला, गाडी कडेच्या मातीत घातली आणि हँडब्रेक ओढून शांत बसली. तो मोटारसायकलवाला उठून कपडे झटकू लागला.

मी विचारलं, "हे कुणी शिकवलं?"

"वडिलांनी. आमची बेकरी होती. कॉलेजात असताना ब्रेडचा टेम्पो मीच फिरवायचे, गावभर. लायसन्स कधी काढलंच नाही."

"मग नवऱ्याला माहीत नाही?"

"लग्न ठरलं तेव्हा सांगितलं होतं. म्हणाला, टेम्पो चालवायचीस हे चारचौघांत बोलू नकोस. मी नाही बोलले. मग तोच विसरला."

"आणि रोज गाडी बंद पाडून माझं डोकं का खाता?"

स्टिअरिंगवरचे हात तिने काढले नाहीत. म्हणाली, "आलं म्हटलं तर क्लास संपेल ना, मॅडम. मग हा एक तासही जाईल."

तेवढ्यात फोन वाजला. तिने पदराने तोंड पुसावं तसा हाताने चेहरा सारखा केला, आणि घेतला.

१३ मार्च, शुक्रवार

आईला सांगितलं. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "नवरा-बायकोचं आहे ते. तुझं काम शिकवायचं. शिकव आणि घरी ये." आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांना सांगितलं, पण नुसतं ट्रकचं. मालक खूश, गाडीला ओरखडा नाही म्हणून.

मग दवाखान्याच्या दारावर ज्या मदत केंद्राचा नंबर लावलेला असतो, तिथे फोन केला. तिथली ताई सगळं ऐकून म्हणाली, "तिला 'नीघ' म्हणू नका. काय हवंय ते विचारा, आणि ऐका. नवऱ्याशी याबद्दल अक्षरही बोलू नका. बाई हातातून निसटतेय असा वास आला, की अशी माणसं सगळ्यात जास्त बिथरतात." मी म्हटलं, मारतो की नाही हेच मला ठाऊक नाही. म्हणाली, "घराबाहेरचा एक तास मिळवायला तिला खोटं अडाणीपण करावं लागतंय. अजून काय ठाऊक व्हायला हवं?"

पटलं. तरी चिडचिड झालीच. नुसतं ऐका म्हणे. मला ऐकायची सवय कुठे आहे? मी जन्मभर शेजारच्या सीटवरून हुकूमच सोडलेत.

१७ मार्च, मंगळवार

आली नाही. आणि का आली नाही, तेही कळलं. मालकांमुळे!

नवऱ्याने चौकशीला फोन केला होता. या भल्या माणसाने कौतुकाने सांगून टाकलं, "साहेब, तुमच्या मिसेस पट्टीच्या ड्रायव्हर निघाल्या. ट्रकसमोरून गाडी अशी काढली, की आमच्या मॅडम बघत राहिल्या."

मी हातातली किल्ली टेबलावर टाकली. मालक म्हणतात, "काय झालं? चांगलंच सांगितलं ना मी?"

मग उरलेलं सगळं त्यांना सांगावं लागलं. समोरच्या चहावर साय धरली. शेवटी एवढंच म्हणाले, "मला काय माहीत." हो ना. कुणालाच काही माहीत नसतं. आणि त्यांना तरी काय बोलू? अर्धंच सांगितलं ते मी.

१९ मार्च, गुरुवार

आली नाही. पडदा ओढलेलाच.

२४ मार्च, मंगळवार

आली. लायसन्स मिळेपर्यंत क्लासला जा, असं नवऱ्याने सांगितलंय म्हणे. गिअरच्या हाताची दोन बोटं बांधलेली. म्हणाली, "कपाटाच्या दारात सापडली."

दोन चौक मागे गेल्यावर तीच म्हणाली, "दार त्याने लावलं. मी हात काढायच्या आत."

शाळेमागच्या मोकळ्या मैदानात गाडी उभी करायला लावली. ताईने शिकवलं होतं तसं विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" तिने वायपर एकदा चालवून बंद केला. हा प्रश्न तिला कुणी विचारलेला नसावा. मग म्हणाली, "निघायचंय. पण आईंना तिथे ठेवून नाही."

"तुमच्या आई तुमच्याकडे असतात?"

"माझ्या नाही. त्याच्या."

माझा तोल गेला. "ती खिडकीतली? दिवसभर पाळत ठेवणारी?"

"पाळत नाही हो. ऑफिसची गाडी कोपऱ्यावर वळली, की त्या मला एक रिंग देतात. मी काय करत असेन ते आवरून उभी राहते." मग अगदी हळू, "तो घरी असताना मी भाजीला बाहेर पडले, की तो त्यांच्यावर हात उचलतो. औषध सांडलं म्हणून. टीव्हीचा आवाज मोठा म्हणून. मी निघून गेले तर त्या एकट्याच उरतील त्याच्या हाताखाली."

"मग बोलायचं की त्यांनी. मुलगा त्यांचा ना?"

"त्याच्याविरुद्ध त्या चकार शब्द काढणार नाहीत, मॅडम. दंडावर वळ असला तरी म्हणतात, लहानपणापासून तापट आहे."

घरी येऊन आईवरच ओरडले. नवरा-बायकोचं, नवरा-बायकोचं! जेवताना तिने एकदम विचारलं, "वय काय असेल गं तिच्या सासूचं?"

म्हटलं, "तुझ्याच बरोबरीची."

तिने ताट सरकवलं. म्हणाली, "माझी मागची खोली रिकामीच असते."

२ एप्रिल, गुरुवार

ठरवून ठरवून डोकं उठलं. केंद्राने दोघींची राहायची सोय केलीय, इथून दूर. मालकांनी स्वतः युक्ती काढली — ड्रायव्हिंग टेस्टची तारीख आता कधीही लागेल म्हणून नवऱ्याला सांगायचं. टेस्टला फोन आत नेता येत नाही आणि रांगेत सकाळची दुपार होते, हे सगळ्या जगाला माहीत आहे. फोनही त्यांनीच केला. माझ्यासमोर. घाम फुटला होता, पण आवाज हलला नाही. नवरा खूश, कारण त्याला ड्रायव्हर हवाय.

सासूची कवळी सैल झालीय, ती वाटेत दाताच्या डॉक्टरांकडे दाखवून घेते, असं ही घरी सांगणार.

सगळं जुळलं, तर आज बाईसाहेब म्हणतात, "एवढ्यात नको." का? "तो या आठवड्यात चांगला वागतोय." मी खिडकीची काच खाली केली आणि बाहेर तोंड करून बसले, नाहीतर काहीतरी बोलून गेले असते. ताईला फोन केला तर ती म्हणते, "घर तिला ठाऊक आहे, तुम्हाला नाही. दिवस तिलाच ठरवू द्या." या ताईच्या शांतपणाचा मला आता उबग आलाय. बरोबर असते म्हणून तर जास्तच.

४ एप्रिल, शनिवार

तिचा मेसेज — "मॅडम, मंगळवारी टेस्ट देते." फक्त एवढाच.

परवा चांगला वागत होता ना? विचारलं नाही. शिकतेय मी.

७ एप्रिल, मंगळवार

निघाल्या.

म्हातारीला मागे बसवलं. जवळून पहिल्यांदाच पाहिली. एवढीशी. हातात हातरुमालाची घडी, बाकी काही नाही. तिला कुठवर सांगितलंय ते मला कळेना, आणि सुनेला विचारायची सोय नव्हती, नवरा फाटकात उभा. वाकून आईच्या बाजूची काच वर केली त्याने. "वारा लागेल," म्हणाला. मला म्हणाला, "पास करून आणा."

चौकात हिरवा दिवा. मी सवयीने श्वास रोखला. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. वळणावर मला कळलंसुद्धा नाही कधी वळलो. माझे पाय पेडलवरून काढून मी मांडी घालून बसले — नोकरीत पहिल्यांदा.

तिकडे तिचा फोन वाजत राहिला. वाटेत स्कूलपाशी थांबून तिने तो मालकांच्या टेबलावर ठेवला होता; वाजल्याचं मला नंतर त्यांनी सांगितलं.

केंद्राच्या दारात गाडी लागली तेव्हा म्हातारीने पहिल्यांदा तोंड उघडलं. "दाताचे डॉक्टर इथे बसतात?" सून खाली उतरली, तिच्या बाजूचं दार उघडून गुडघ्यावर बसली. म्हणाली, "नाही, आई. आपण परत जायचं नाही." म्हातारीने हातरुमालाची घडी उलगडली, पुन्हा घातली. मग सुनेच्या बांधलेल्या बोटांना न दुखेल असा हात धरून उतरली.

आपण एका आईला तिच्या मुलापासून पळवून आणलं, असं वाटत राहिलं घरी येईपर्यंत.

८ एप्रिल, बुधवार

नवरा स्कूलमध्ये. आवाज तसाच मऊ. "माझी आई म्हातारी आहे. तिला काही कळत नाही. कुठे ठेवलीत?" मालक म्हणाले, "आम्ही फक्त गाडी शिकवतो, साहेब." तेव्हा माझ्याकडे वळला. हसून विचारलं, "तुमच्याही घरी आई आहेत ना?"

ताईला लगेच कळवलं. तिने पोलिसांना कळवलं. माझ्या आईला आज मामाकडे पोचवलं. जाताना कुरकुरत होती, "मागची खोली झाडून ठेवली होती मी."

९ एप्रिल, गुरुवार

आता हे ऐका. केंद्रातून फोन — सासूबाई दोन घास खात नाहीत. सारखं विचारतात, "तो जेवला असेल का? मला फोन लावून द्या." सून रडकुंडीला आलीय. त्या परत गेल्या तर हीही मागोमाग जाणार. सगळं मुसळ केरात.

डोकं आपटावंसं वाटलं. त्याने हिच्या दंडावर वळ उठवायचे आणि हिने त्याच्या जेवणाची काळजी करायची! ताईला म्हटलं, "सांगा ना त्यांना काहीतरी." ती म्हणाली, "फोन त्यांच्या हातात दिलाय. त्यांनी अजून लावलेला नाही."

१० एप्रिल, शुक्रवार

नवऱ्याने तक्रार दिली, मी त्याच्या आईला फूस लावून पळवलं अशी. जबाब द्यायला चौकीत गेले. बाकावर सासू-सून दोघी, त्यांनाही बोलावलेलं. लिहून घेणाऱ्या पोलीस बाईने सुनेकडे बघून कागद ओढला. "हं, बोला. नवऱ्याबद्दल काय म्हणणं आहे?"

म्हातारीने सुनेच्या मांडीवर हात ठेवला. "तिचं नंतर घ्या," ती म्हणाली. "मला कुणी पळवलं नाही. आधी माझी तक्रार लिहा. मुलगा माझा आहे."