हट म्हणणारं पोरगं

८ सप्टेंबर, रविवार

हरलो! ३१–३. ते तीन तरी समोरच्यांनी दया येऊन दिले असावेत.

आमच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा थोर क्वार्टरबॅक, म्हणजे खेळ चालवणारा, रँडल ओस्ट्रोम निवृत्त होऊन मिनेसोटात तळ्याकाठी मासे धरतोय आणि आम्ही इथे टोलेडोत भर मैदानात डोकी आपटतोय. माझं काम तसं सोपं – वाकायचं, मागून क्वार्टरबॅक 'हट' ओरडला की चेंडू पायांतून त्याच्या हाती द्यायचा. अकरा वर्षं रँडल ओरडला, माझे हात आपोआप हलले. आता तिथे टिब्स, नवं पोरगं. तो ओरडतो की श्वास सोडतो, कळत नाही! कुणी आधीच धावतं, कुणी उभंच राहतं. दंडावर दंड. प्रेक्षक रँडलच्या नावाने गजर करत होते. याला म्हणतात प्रोत्साहन.

१० सप्टेंबर, मंगळवार

कोच ग्रेबनरचा महान सल्ला – "टिब्स, आवाज काढ. रँडलसारखा." एवढ्यासाठी पगार घेतात!

टिब्स म्हणाला, "हो सर." मला म्हणाला, "माफ करा सर." पाण्याच्या बाटल्या आणणाऱ्यालाही सर! मिसिसिपीत वाढलंय पोरगं. मोठ्यांवर आवाज चढवला तर आजी घरात घेणार नाही म्हणे. 'हट' म्हणतो तेही माझी परवानगी मागितल्यासारखं.

१५ सप्टेंबर, रविवार

पुन्हा हरलो. देवा, रँडलला परत पाठव.

१७ सप्टेंबर, मंगळवार

कोचने जाहीर केलं – पुढचा सामना हरलो की टिब्स बाकावर. मनातल्या मनात मी टाळ्या वाजवल्या.

आणि बायकोने, मार्लीनने, नेमकं त्यालाच जेवायला बोलावलं! त्याने तीनदा मीठ मागितलं, कुणाला ऐकूच गेलं नाही. मार्लीन म्हणाली, "अरे बाबा, घर पेटलं तर सांगशील कसं?" हसला. मग ताटाकडे बघत म्हणाला, "सर, तुम्ही माझ्या आवाजाची वाटच बघत नाही. रँडल सरांच्या आवाजाची बघता."

लाज वाटली मला, खरंच वाटली.

निघताना म्हटलं, "सर बंद. मैदानात मला शिवी घाल."

"आजी मारेल."

"आजी मिसिसिपीत आहे!"

२२ सप्टेंबर, रविवार

जिंकलो!!

शेवटच्या सत्रात आम्ही मागे, आणि टिब्सची कुजबुज सुरूच. मी वाकलेलाच ओरडलो, "ऐकू येत नाही, बाळा!" मागून कडाडला – "ए म्हाताऱ्या बोक्या, कान उघड! हट!!" समोरचेच दचकून आधी धावले. दंड त्यांना! मग त्या आवाजावर आम्ही सगळे एकदम हलायला लागलो, आणि माझे हात कुणाचीही आठवण न काढता चालले.

सामना संपल्यावर आला, "माफ करा सर, बोका म्हणालो." मी मिठीच मारली. डोळ्यांत पाणी आलं. घाम आहे म्हणून सांगितलं.

२४ सप्टेंबर, मंगळवार

रँडल परत येतोय. मासे चावले असतील. संघाच्या मालकांनी स्वतः जाऊन आणला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, टिब्सनेही.

कोच म्हणाला, "झालं ना तुझ्या मनासारखं?"

मी सांगून आलो – रविवारी टिब्स नसेल, तर चेंडू द्यायलाही दुसरा शोधा.